माजी सैनिकाला कोर्टात शिक्षा झाली, तर पेन्शन बंद होते का?

तुमचे वडील हवालदार म्हणून पेन्शनीवर येऊन 9 वर्षं झाली, आणि आता बांधाच्या मारामारीत कागल कोर्टानं त्यांना 1 वर्षाची शिक्षा सुनावली. पेन्शन जाणार का, असं तुम्ही विचारलंय. आधी आईंना धीर द्या. नुसता निकाल लागला म्हणून पेन्शन आपोआप बंद पडत नाही.

मी सुभेदार म्हणून घरी आलो, आता कोल्हापुरात माजी सैनिकांचे पेन्शनीचे कागद बघतो. गावात जी भीती बसलीय ती वेगळ्या प्रकरणांची आहे. जवान नोकरीत असताना आर्मी ॲक्टखाली 'डिसमिस' म्हणजे बडतर्फ झाला, तर आधीच्या सगळ्या सेवेची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जाते. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मिळालं तर तेवढंच. पण 'डिस्चार्ज' म्हणजे सेवेतून मोकळं केलेल्याचा हक्क शाबूत राहतो. साध्या पेन्शनला 15 वर्षं सेवा भरलेली लागते. 'डिसमिस' आणि 'डिस्चार्ज' हे दोन शब्द घरोघरी एकच समजतात. शिरोळ तालुक्यातल्या एक ताई पत्र्याच्या ट्रंकेतून नवऱ्याचं डिस्चार्ज बुक घेऊन आल्या होत्या. "ह्यांना काढून टाकलंय" एवढंच घरात ठाऊक, म्हणून कुणी अर्जच केला नव्हता. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'डिस्चार्ज' होतं, सेवा 16 वर्षं. मी ती ओळ तीनदा वाचली आणि त्याच दिवशी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला.

तुमच्या वडिलांचं तसं नाही. त्यांनी पेन्शन कमावलीय. सुप्रीम कोर्टानं 1971 सालीच सांगितलंय की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मात्र निवृत्तीनंतर गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, तर सरकार पेन्शन पूर्ण किंवा काही अंशी रोखू शकतं, हेही खरं. त्यासाठी वेगळा आदेश काढावा लागतो. तसं काही पत्र आलं तर ते घडी करून ठेवू नका, मुदतीत लेखी उत्तर द्या. आदेश विरोधात गेलाच तर मुंबईला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे.

सध्या धावपळ करायची ती अपिलासाठी. सेशन कोर्टात जायला 30 दिवस असतात, म्हणून निकालाची नक्कल आजच मागा. वडील जामिनावर होते ना? मग शिक्षा 3 वर्षांच्या आतली असल्यानं, अपील करेपर्यंतचा जामीन कागलचंच कोर्ट देऊ शकतं. सेशन कोर्टात वकिलांना शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यायला सांगा.

आणि हयातीचा दाखला! कोर्टाच्या गडबडीत तो राहिला, तर पेन्शन तेवढ्यावरूनच थांबते, आणि लोकांना वाटतं शिक्षेमुळं थांबली. वडिलांना कळंब्याच्या तुरुंगात जावं लागलंच, तर हा दाखला कसा पाठवायचा ते पहिल्याच भेटीत तिथल्या अधिकाऱ्यांना विचारा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि निकालाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर माराच, आणि जाताना वडिलांनाही सोबत न्या.