व्हीबी ६ का बंद केलं ते नंतर बघा, आधी तुमचा बिल्ड होतो का ते बघा

तुम्ही लिहिलंय की स्टॉकचा प्रोग्राम व्हीबी ६ मध्ये (व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टचं प्रोग्राम लिहायचं जुनं टूल) आहे, कित्येक वर्षं बिनबोभाट चाललाय, आता त्यात छोटासा बदल करायचाय. आणि चांगलं चालणारं टूल कंपन्या बंद का करतात, हे तुम्हाला कळत नाही. वाचताना याच अडचणीत गेलेले माझे आठ महिने आठवले, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ‘का’चं उत्तर. व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये. २००२ मध्ये डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टचीच नवी प्रणाली आली आणि व्हिज्युअल बेसिक याच नावाखाली जवळपास वेगळीच भाषा आली. दोन्ही सांभाळायची म्हणजे दोन कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारी साधनं), दोन एडिटर, दोन टीम, आणि जुन्याचे पैसे तर सगळ्यांनी आधीच देऊन झालेले. २००५ मध्ये वापरणाऱ्यांनी सह्यांची मोहीम काढली, तरी मायक्रोसॉफ्टचा निर्णय बदलला नाही. एडिटरचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपला. मायक्रोसॉफ्टच्याच फॉक्सप्रो या डेटाबेस टूलचंही तेच. नववी आवृत्ती २००४ ची, पुढची निघणार नाही हे मार्च २००७ मध्ये जाहीर झालं आणि जानेवारी २०१५ मध्ये सपोर्टही संपला. दोन्ही टूल ३२ बिटची. इतका जुना कोड ६४ बिटवर न्यायचा तर वरवरच्या दुरुस्तीनं भागत नाही, मुळापासून लिहावं लागतं, आणि मूळ लिहिणारी माणसं तोवर दुसऱ्या कामांवर गेलेली असतात. मग सोर्स तरी खुला करा, असं लोक म्हणतात. अशा कोडमध्ये बऱ्याचदा दुसऱ्यांकडून लायसन्सवर घेतलेले भाग असतात, ते परस्पर वाटता येत नाहीत. कंपनीची बाजू मला कळते. पटते असं मात्र नाही.

पण ‘सपोर्ट संपला’ याचा अर्थ प्रत्येक वेळी वेगळा असतो. ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फाइली चालवणंच थांबवलं. व्हीबी ६ चं तसं नाही. त्याचा रनटाइम (तयार प्रोग्राम चालवायला लागणारा भाग) आजच्या विंडोजवरही चालतो, त्यामुळे तुमची ईएक्सई, म्हणजे तयार प्रोग्रामची फाइल, उद्या बंद पडणार नाही. अडचण येईल ती पुन्हा कंपाइल, म्हणजे बिल्ड, करताना, आणि आम्ही नेमके तिथेच बुडालो.

आमच्या फॉर्मवर (प्रोग्रामच्या स्क्रीनवर) बाहेरून विकत घेतलेला एक ग्रिड होता, म्हणजे तक्ता दाखवणारा तयार कंट्रोल. ज्या मशीनवर सगळं इन्स्टॉल होतं ते जुनं झालं म्हणून मी फॉरमॅट करून टाकलं. सोर्सची कॉपी होती, त्यामुळे निर्धास्त होतो. नव्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला, लायसन्स सापडत नाही असा मेसेज आला, मी ओके करून पुढे गेलो आणि सवयीनं सेव्ह केलं. व्हीबी ६ ला कंट्रोल लोड करता आला नाही की तो त्या जागी पिक्चर बॉक्स ठेवतो. सेव्ह केलंत की ग्रिडचे कॉलम, फॉरमॅट, डिझाइनमध्ये केलेलं सगळं सेटिंग फॉर्मच्या फाइलमधून जातं. एकोणीस फॉर्म गेले, आणि बॅकअपवर त्याच रात्री नवी कॉपी बसली.

ग्रिड बनवणारी कंपनी तोवर दुसऱ्या कंपनीनं घेतली होती. बिल होतं, सिरीयल नंबर होता, मागत होतो फक्त डिझाइनचं लायसन्स, म्हणजे फॉर्म बनवताना ग्रिड वापरायची परवानगी. प्रत्येक मेलला एकच उत्तर: हे उत्पादन आमच्या यादीत नाही, नवीन आवृत्ती घ्या. नवीन आवृत्ती डॉटनेटची, आमच्या काही उपयोगाची नाही. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूची किल्ली द्यायलाही नकार. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं मत (तुमचा सेटअप मी पाहिलेला नाही, हे लक्षात असू द्या): प्रोग्राम नव्यानं लिहायच्या चर्चेत आत्ता शिरू नका. ज्या मशीनवर आज कंपाइल होतंय त्याची अख्खी डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरनं चालणाऱ्या, संगणकातल्या संगणकात) घ्या, नुसता सोर्सचा फोल्डर नको. ओसीएक्स फाइली (कंट्रोलच्या), लायसन्सच्या फाइली, विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि व्हीबी ६ चा दुरुस्ती संच सर्व्हिस पॅक ६ हे सगळं त्या डिस्कवरच असतं. काही लायसन्स हार्डवेअरला बांधलेली असतात, तेव्हा मूळ मशीन हलवायच्या आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये एकदा कंपाइल करून दाखवा. फॉर्मच्या फाइलीबरोबर त्याच नावाची एफआरएक्स फाइलही जपा. चित्रं आणि मोठी प्रॉपर्टी तिच्यात असतात, ती मागे राहिली तर फॉर्म अर्धवट उघडतो.

आणखी एक. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये फॉर्मच्याच नावाची .लॉग (.log) फाइल दिसते का, ते आजच बघा. दिसली तर फॉर्म कधीतरी कंट्रोलशिवाय उघडला गेलाय. फॉर्मची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ग्रिडच्या जागी ‘व्हीबी.पिक्चरबॉक्स’ (VB.PictureBox) आलंय का तपासा. आलं असेल तर व्हीबी उघडूच नका, आधी त्या लॉग फाइलच्या तारखेच्या मागचा बॅकअप शोधा. काय सापडतं ते इथेच कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.