वाचक विचारतात: एकट्या पियानोचं ऐकणं

प्रश्न : आमच्या घरी वर्षानुवर्षं ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकलं जातं. आता नुसता पियानो, सोबत दुसरं वाद्य नाही, अशा रेकॉर्डिंगकडे वळायचं आहे. वादनही उत्तम हवं आणि ध्वनिमुद्रणही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : सहा रेकॉर्डिंग पुरेत, पण ती परत परत ऐका. ऐकताना एक धोरण ठेवा. पियानोचा स्वर एकदा वाजला की वादकाला तो फुगवता येत नाही, हलवता येत नाही, मींड घेता येत नाही. फक्त धरून ठेवता येतो किंवा तोडता येतो. म्हणून हातोडा तारेवर पडल्याच्या आघाताला भुलू नका. त्यानंतर स्वर विरत कसा जातो तिकडे कान द्या. वादकाची समज, ध्वनिमुद्रकाचं कसब आणि तुमच्या यंत्रांचा कस, तिन्ही त्या विरण्यात कळतात.

पहिलं नाव पियानोवादक ग्लेन गूल्ड आणि संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. गूल्डने ती स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली, दोन्ही वेळा न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. 1955 ची मोनो, 1981 ची डिजिटल. पहिली सुमारे 38 मिनिटांत आटोपते, दुसरी 51 मिनिटं चालते. ख्याल ऐकणाऱ्याने 1981 पासून सुरुवात करावी. आधी एक संथ 'आरिया' येते. तिच्या डाव्या हातातला 32 बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) सांगाडा पुढेही कायम राहतो, त्यावर 30 वेगवेगळी रूपं उभी राहतात आणि शेवटी आरिया परत येते. पहिल्या खेपेला वरच्या सुरावटीचा मोह सोडा आणि डाव्या हाताचा माग ठेवा. बंदिशीचा मुखडा धरून बढत ऐकायची सवय इथे थेट उपयोगी पडते. मागे पुरुषाच्या गुणगुणण्याचा आवाज येईल. तो स्वतः गूल्ड गुणगुणतो आहे, सीडी खराब नाही. 1955 ची नंतर ऐका. तिचा वेग आणि कोवळा आवेश अजूनही थक्क करतो, पण पुनरावृत्त्या वगळल्यामुळे नव्या कानाला धाप लागते.

दुसरं, जॅझ पियानोवादक किथ जॅरेटची 'द कोल्न कॉन्सर्ट'. 24 जानेवारी 1975 च्या रात्री कोलोनच्या ऑपेरा हाऊसमध्ये झालेली ही मैफल जवळजवळ पूर्ण उत्स्फूर्त आहे. मागितलेला मोठा पियानो त्या रात्री मंचावर नव्हता. जो होता तो बोझेनडॉर्फर कंपनीचा लहान पियानो होता, वरच्या पट्टीत पातळ, खर्जात कमजोर, पेडलही धड चालत नव्हतं. मग जॅरेट मधल्या पट्टीत राहिला आणि डाव्या हाताने एकेक ठेका धरून तासभर वाजवत गेला. वाद्याची अडचण हीच त्या मैफलीची चाल होऊन बसली. म्हणून या रेकॉर्डवरून स्पीकरच्या खर्जाची परीक्षा कधी करू नका, खर्ज मुळातच कमी होता. पायाचे ठोके आणि जॅरेटचे हुंकार मात्र जागच्या जागी, स्वच्छ ऐकू यायला हवेत.

तिसरं, आर्थर रुबिनस्टाइनने वाजवलेली संगीतकार शोपांची 19 'नॉक्टर्न' (रात्रीच्या भावाच्या छोट्या रचना), आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी रोममध्ये 1965 आणि 1967 साली ध्वनिमुद्रित झालेली. सूर कुठेही दामटलेला नाही. रात्री दिवे घालवून ऐकावी अशी हीच.

चौथं, मॉरित्सिओ पोलिनीने वाजवलेली शोपांची 24 'एत्यूद' (सरावाच्या रचना), डॉइचे ग्रामोफोन कंपनी, 1972. हात कमालीचे काटेकोर आहेत आणि ध्वनी कोरडा, धारदार. स्पीकर कर्कश असेल तर तो इथे लगेच उघडा पडतो. जॅझची गोडी असेल तर थेलोनियस मंकचं 'अलोन इन सॅन फ्रान्सिस्को' हे 1959 चं रेकॉर्डिंग पाचवं. त्यातल्या स्वरांइतक्याच मधल्या रिकाम्या जागाही मोलाच्या आहेत.

सहावं खास ध्वनीच्या दर्दींसाठी : 'नोजिमा प्लेज लिस्ट', रेफरन्स रेकॉर्डिंग्ज कंपनीचं. वादक मिनोरू नोजिमा, ध्वनिमुद्रण कीथ जॉन्सन यांचं. लिस्ट म्हणजे संगीतकार फ्रान्झ लिस्ट. त्याचा यातला बी मायनर सोनाटा अगदी हळू, तुटक वाजणाऱ्या खालच्या 'जी' स्वरांनी सुरू होतो. ते स्वर जेमतेम ऐकू येतील एवढाच व्हॉल्यूम ठेवा आणि पुढची सुमारे 30 मिनिटं बटणाला हात लावू नका. सुरुवातीलाच आवाज वाढवला तर पुढचे फोर्टिसिमो (अतिशय जोरात वाजणारे भाग) अंगावर येतात, आपण घाबरून कमी करतो आणि रचनेचा चढउतार हातचा जातो.

प्रश्न : खोली 10 बाय 10 फूट, उंचीही 10 फूट. वर स्लॅब, खाली टाइल्स. पियानोचे काही खालचे स्वर एकदम घुमतात, शेजारचे दबलेले वाटतात. अॅम्प्लिफायर बदलू का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : नको, एक रुपयाही त्यात घालू नका. दोष खोलीच्या मापाचा आहे. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी बसते तो स्वर घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर तो स्वर सुमारे 56 हर्ट्झचा (सेकंदाला 56 कंपनांचा) येतो. मे महिन्यात खोली 35 अंशांवर गेली की वेग वाढतो आणि तोच आकडा 58 च्या आसपास जातो. पियानोचा खालून दुसरा 'ए' 55 हर्ट्झचा आणि त्याला लागून असलेली काळी पट्टी 58 ची. तुमच्या खोलीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणून तिन्ही दिशांचा घुमारा याच दोन पट्ट्यांवर येऊन पडतो. 12 बाय 10 बाय 9 फुटांच्या खोलीत तो 47, 56 आणि 63 असा विखुरला असता आणि एवढा खुपला नसता.

खात्री करायची तर फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, फोन अॅम्प्लिफायरला जोडा आणि कमी आवाजात 40 पासून 80 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवत न्या. कुठे फुगतं ते लगेच कळेल.

आता जागा बदला. स्पीकर कोपऱ्यातून काढा. समोरच्या भिंतीपासून 2 फूट पुढे, एकमेकांपासून 5 फुटांवर ठेवा, उंच आवाजाचा छोटा ट्वीटर बसल्यावर कानाच्या पातळीला यावा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे घुमारा सर्वांत जास्त असतो. नेमकी खोलीच्या मध्यावरही नको, तिथे तोच स्वर गायब होतो. मागच्या भिंतीपासून साडेतीन ते चार फूट अंतर धरा आणि तिथून वीतभर पुढेमागे सरकून पाहा. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल तर त्यात गुंडाळलेला मोजा कोंबा. दार उघडं ठेवल्यानेही खर्ज हलका होतो. एवढ्यावर भागलं नाही तर इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमीजास्त करणाऱ्या सोयीने) 56 च्या आसपास अरुंद पट्ट्यात 4 ते 6 डेसिबल कमी करा.

मधोमध उभं राहून टाळी वाजवा. 'टर्रर' असं उत्तर आलं तर समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत आणि पियानोचं विरणं त्यात बुडतं. यावर आपल्या खानदेशात उपाय हाताशी आहे : कापूस. पिंजाऱ्याकडून 4 इंच जाडीच्या, 2 बाय 4 फुटांच्या दोन गाद्या भरून घ्या. कापूस दाबून भरू नका, दगडासारखी झालेली गादी आवाज शोषत नाही. जागा अशी शोधायची : तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात त्या बाजूचा स्पीकर दिसला की तिथे खूण. दोन्ही बाजूंना तशाच गाद्या, भिंतीपासून 4 इंच सोडून टांगा. अशी गादी साधारण 430 हर्ट्झपासून वरचा आवाज चांगला शोषते. 56 हर्ट्झवर तिचा इलाज चालत नाही, त्यासाठी वरचे उपायच. आणि चारही भिंती गोधड्यांनी मढवू नका. स्वराचा श्वासच कोंडतो.

जुन्या धाब्याच्या घरात राहणाऱ्यांना हा टाळीचा त्रास फारसा होत नाही. मातीच्या जाड भिंती आणि छताची उघडी लाकडं आवाज तोडतात. अशी खोली घरात असेल तर यंत्रं तिकडेच न्या.

प्रश्न : तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पियानोचा गंधार चढा लागतो. रेकॉर्डिंग बेसूर आहे का? (एक गायिका, चोपडा)

उत्तर : ताई, कान तुमचा बरोबर आहे आणि रेकॉर्डिंगही. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून 386 भागांवर असतो. पियानोत सप्तकाचे बारा सुर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, म्हणून त्याचा गंधार 400 वर. तो 14 भागांचा फरक तुम्हाला ऐकू येतो. पंचमात फरक फक्त 2 भागांचा, म्हणून तो खटकत नाही. बहुतेक हार्मोनियममध्येही हेच असतं, पण तिथे गळा आणि तानपुरा झाकून घेतात.

रियाझानंतर लगेच पियानो लावू नका, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. खरा बेसूर वेगळा ओळखायचा. मधल्या आणि वरच्या पट्टीत एकेका सुराला तीन तारा असतात. त्यातली एक ढळली की एकाच सुरात 'वाँव वाँव' अशी लहर येते. तसं ऐकू आलं तर वाद्य उतरलेलं आहे.

प्रश्न : जुन्या इंग्लिश रेकॉर्डिंगमध्ये शांत जागी गाडी गेल्यासारखी घरघर येते. आमचं घर रुळांजवळ. घरघर कुणाची? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : तीच जागा रात्री हेडफोनवर पुन्हा लावा. त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला आली तर रेकॉर्डिंगमधली. लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये डेका आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपन्यांनी असंख्य रेकॉर्डिंग केली. त्या हॉलखालून पिकॅडिली मार्गाच्या भुयारी गाड्या जायच्या आणि त्यांची घरघर अनेक रेकॉर्डमध्ये कायमची उतरली आहे. दर वेळी वेगळ्या जागी आली तर ती तुमच्या मालगाडीची. मग टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावरून हलवा आणि भिंतीत पक्क्या ठोकलेल्या फळीवर ठेवा.

प्रश्न : एलपीवर गायन छान लागतं, पण पियानोचा लांब स्वर हिंदकळतो. सुई नवी आहे. (एक वाचक, शहादा)

उत्तर : गळ्यात मुळातच कंप असतो, त्यात यंत्राचा कंप लपतो. पियानोचा स्वर सरळ, म्हणून तिथे चोरी पकडली जाते. आधी हिंदकळणं मोजा. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा 1.8 सेकंदांचा. दर 1.8 सेकंदांनी तीच लहर येत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकडी आहे. भोक 1 मिलिमीटर जरी सरकलेलं असलं तरी मध्यापासून 10 सेंटीमीटरवर सूर एक टक्का वरखाली होतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सहाव्या हिश्शाएवढा. सुई धरणारा आर्म डावी-उजवीकडे डोलताना डोळ्यांनी दिसतो. त्या रेकॉर्डला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

लहर अनियमित किंवा जलद असेल तर बेल्ट बघा. उन्हाळ्यात रबर सैल पडतं, गुळगुळीत होतं. बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरी घसरत असेल तर नवा बेल्ट. वेग तपासायला स्ट्रोब चकती वापरा : वेग बरोबर असेल तर दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 33⅓ साठी 180 रेघांची चकती लागते. तिच्यावर निऑनचा छोटा दिवा धरा, बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा दिसतच नाहीत. लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टर्नटेबल चालवू नका, मोटर गुणगुणते आणि ते पियानोच्या शांत जागी ऐकू येतं.

बाजूच्या शेवटच्या गाण्यात सूर फाटतो का, तेही बघा. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त 21. तिथे फाटत असेल तर सुईचा भार आणि कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या डबीची) दिशा तपासा. भार कंपनीने सांगितलेलाच ठेवा. ऑर्टोफॉन टूएम रेडला 1.8 ग्रॅम, ऑडिओ टेक्निका व्हीएम95ई ला 2 ग्रॅम. भार कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड वाचते असं नाही. हलकी सुई खाचेत उसळते आणि खाच जास्त खाते.

रेकॉर्ड बोअरच्या पाण्याने धुऊ नका. क्षार खाचेत बसतात आणि तडतड कायमची होते. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालतं. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोल लावायचंच नाही, लाख विरघळते. उन्हाळ्यात रेकॉर्ड उभ्या ठेवा, पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात नको. मे महिन्यात बंद गाडीत विसरलेली एलपी एका दुपारीत वाकते.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आणि वायरचे इअरफोन. दिवसभर कूलर चालू. पियानो ऐकण्यात अर्थ आहे का? (एक विद्यार्थिनी, पाचोरा)

उत्तर : नक्कीच आहे. ॲपमध्ये क्वालिटी 'लॉसलेस' किंवा असेल ती सर्वांत वरची निवडा, वायफायवर आधी डाउनलोड करा. आवाज सगळीकडे सारखा करणारी सोय, इक्वलायझर आणि क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद. 'गॅपलेस' चालू ठेवा, नाहीतर गोल्डबर्गच्या एका रूपातून दुसऱ्यात जाताना खटका बसतो. कानात घट्ट बसणारी रबरी टोकं घ्या. फट राहिली तर खर्ज पहिल्यांदा जातो.

कूलरच्या घरघरीत हळू स्वर बुडतात. म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मोठ्या स्वरांना कान दुखतात. त्याऐवजी खोली आधी गार करून घे, मग कूलर बंद करून एकच तुकडा ऐक. 'कोल्न कॉन्सर्ट'चा पहिला भाग 26 मिनिटांचा आहे, तेवढ्यात खोली फार तापत नाही.