'कोसला' फक्त होस्टेलच्या पोरांसाठी आहे का?

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय 49, घर आणि टॉवेल-चादरींचं छोटं दुकान दोन्ही बघते. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आला तेव्हा 'कोसला' घरीच विसरून गेला. मी वाचू का विचारलं तर म्हणतो, आई ते आम्हा पोरांचं पुस्तक आहे. खरंच तसं आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: नाही ओ ताई, अजिबात नाही, उलट ते आधी तुम्हीच वाचा. कोसलाचा वाचक म्हणजे दाढी वाढवून कट्ट्यावर बसणारा, वाक्यावाक्याला 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' म्हणणारा पोरगा हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बाकीचे पुस्तकाला हातच लावत नाहीत. 1963 साली ही कादंबरी आली तेव्हा लेखक भालचंद्र नेमाडे स्वतः पंचविशीत, नायक पांडुरंग सांगवीकर पण पंचवीसचा, म्हणून पोरांना ती आपली वाटते, ते बरोबरच आहे. पण आत आहे काय? खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला मुलगा, गावाकडं वडील, पैशांची ओढाताण, परीक्षेत नापास होणं आणि शेवटी गावीच परत. आपल्याकडून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेली पोरं फोनवर नुसतं 'बरंय' म्हणतात ना, त्या 'बरंय'च्या मागं काय काय चाललेलं असतं ते इथं वाचायला मिळतं.

आणि मनी. पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या आजारानं जाते. आपल्या आज्यांच्या आठवणीत देवीनं गेलेलं एखादं तरी लेकरू असायचंच. एरवी सगळ्याची टर उडवणारा हा मुलगा तिथं पार कोसळतो, आणि पुढं अजिंठ्याला बुद्धासमोर गेला तरी ते दुःख त्याच्यासोबतच असतं. बहिणीच्या जाण्यावर मराठीत इतकं खरं लिहिलेलं मी तरी फार थोडं वाचलंय. विशीतला वाचक तो भाग भराभर उरकून होस्टेलच्या गमतींकडं पळू शकतो, पण ज्यानं घरातलं माणूस गमावलंय त्याला ती पानं ओलांडून पुढं जाता येत नाही.

माझी एक तक्रार आहेच, यात बायका फार कमी आहेत आणि आईसुद्धा पांडुरंगच्याच नजरेतून दिसते, तिच्या मनात काय चाललंय ते तुम्हालाच ओळखावं लागेल, आणि ते तुम्ही त्याच्यापेक्षा चांगलं ओळखाल. होस्टेलची पानं लांबली तरी सोडू नका, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना थोडी थोडी वाचा. झालं की मुलाला मनीबद्दल काय वाटलं विचारा आणि तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.