ब्लॅकबेरीला करवंद म्हणावं का?

एका वाचकांनी विचारलं आहे: "जुन्या इंग्रजी गोष्टीचं भाषांतर करतोय. त्यात ब्लॅकबेरी दोनदा आडवी आली. एक पात्र म्हणतं, सबबी काय, ब्लॅकबेरीसारख्या हव्या तेवढ्या मिळतात. पुढे एक आजी नातवंडांना बजावते, मायकेलमस होऊन गेला, आता ब्लॅकबेरी तोंडात घालायच्या नाहीत. कुणी 'जांभूळ' सुचवतं, कुणी 'तुती', कुणी 'करवंद'. काय वापरू?"

जांभूळ लगेच सोडून द्या. रंगापलीकडे दोघांचं काही जुळत नाही. तुतीचं तसं नाही, ती दिसायला अगदी ब्लॅकबेरीसारखी. फ्रेंच माणूस तर दोन्ही फळांना एकच शब्द वापरतो. पण तुतीचं झाड कुणीतरी लावलेलं असतं, परसात नाहीतर रेशमाच्या किड्यांसाठी. ब्लॅकबेरी कुणी लावत नसे. इंग्लंडात शेतांना झुडपांची जिवंत कुंपणं असतात, कोकणातल्या वईची आठवण करून देणारी. त्यांत ती आपोआप माजते. फांद्या कमानीसारख्या वाकतात, शेंडा जमिनीला टेकला की तिथेच मुळं धरतो आणि नवी जाळी सुरू होते. (डांग्या खोकला झालेल्या मुलाला पूर्वी अशा दोन्हीकडे रुजलेल्या कमानीखालून रांगवत नेत, खोकला मागे काट्यात अडकून राहतो असा समज.) फळ कुणाच्याही मालकीचं नाही, पैसा लागत नाही, हात मात्र ओरबाडून निघतात. हे वर्णन ऐकून मराठी माणसाला काय आठवेल? करवंदीची जाळी. माझ्या डोळ्यांपुढे तर पळसाच्या पानाचा द्रोण येतो, बोटांना लागलेला चिकट चीक येतो, आणि "कोंबडा की कोंबडी?" विचारून करवंद दातांनी अर्धं तोडून पाहणं येतं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे. हा वाक्प्रचार इंग्रजीत रुळला तो शेक्सपिअरमुळे. 'चौथा हेन्री' नाटकाचा पहिला भाग १५९८ साली छापला गेला. त्यात फॉल्स्टाफ हे बढाईखोर पात्र राजपुत्राला थापा मारतं आहे: आपल्यावर आधी दोघं चालून आले, मग चार, मग सात, होता होता अकरा. वर हिरव्या कपड्यांतले आणखी तिघं, आणि अंधार तर असा की स्वतःचा हात दिसू नये. राजपुत्र विचारतो, हात दिसत नव्हता तर कपडे हिरवे कसे दिसले? कारण सांग! फॉल्स्टाफ उसळतो: जबरदस्तीनं सांगू? कारणं ब्लॅकबेरीइतकी मुबलक असती तरी जबरदस्ती करणाऱ्याला एक देणार नाही!

यात एक कोटी आहे. 'कारण' आणि 'मनुका' या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार त्या काळी जवळजवळ सारखा होता. मनुका म्हटली की ब्लॅकबेरी आपसूक येते, फळामागून फळ. मराठीत ती कोटी साधत नाही, पण आपल्याला दुसरं काही आयतं मिळतं. मोठ्यानं म्हणून पाहा: "कारणं करवंदांसारखी जाळीजाळीला लगडलेली असती, तरी जबरदस्तीनं मागणाऱ्याला एक देणार नाही!" 'कारण' आणि 'करवंद' कानाला एकमेकांची भावंडं वाटतात. रंगमंचावर मी डोळे मिटून हेच वापरेन.

त्याच लेखकाच्या 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'त एक पात्र युलिसिस या ग्रीक योद्ध्याची किंमत ब्लॅकबेरीएवढीही नाही असं म्हणतं. तिथे करवंद नको, आपली कवडी आहेच.

त्याच्याही दोनशे वर्षं आधीचा इंग्रज कवी चॉसर मला या बाबतीत सगळ्यात आवडतो. त्याचा माफीपत्रं विकणारा धर्मसेवक बेधडक सांगतो की लोकांना एकदा पुरलं की त्यांचे आत्मे ब्लॅकबेरी तोडायला गेले तरी मला फिकीर नाही. इथे या फळावरून चक्क क्रियापद झालं आहे आणि त्याचा अर्थ आहे दिशाहीन भटकणं. जो कधी जाळीजाळीनं करवंदं तोडत गेला आहे त्याला हा अर्थ समजवावा लागत नाही. या जाळीवरून त्या जाळीवर जाताना वाट कधी सुटली ते कळतच नाही. मराठीत "आत्मे गेले उंडारायला" हे मला फार जवळचं वाटतं.

मुबलकपणासाठी आपल्याकडे 'पैशाला पासरी' आणि 'पायलीचे पन्नास' आहेत, तेही कुणी सुचवेल. पासरी म्हणजे पाच शेर, पायली म्हणजे चार. दोन्ही बाजारातून आलेले, मापानं मोजलेले. 'पायलीचे पन्नास'मध्ये तर तुच्छता ठासून भरलेली असते आणि तो बहुधा माणसांनाच लागतो. ब्लॅकबेरीत ना माप आहे ना तिरस्कार. हात पुढे केला की मिळतं, एवढंच.

आजीच्या वाक्यात मात्र करवंद अजिबात चालणार नाही. मायकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर, देवदूत मायकेलचा सण. त्यानं सैतानाला स्वर्गातून ढकललं, तो नेमका ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी रागानं फळांवर थुंकतो, अशी समजूत. ब्रिटननं १७५२ मध्ये पंचांग बदलताना ११ दिवस गाळले, म्हणून काही ठिकाणी ही मर्यादा १० ऑक्टोबर धरतात. त्यामागे अनुभव आहेच: गारठा नि ओल वाढली की फळ पाणचट होतं, बुरशी धरतं. आपली करवंदं मृगाच्या आसपास संपतात. सप्टेंबरात करवंदं तोडणारी नातवंडं मराठी वाचकाला खटकतील. आणि तिथीनुसार खाणं बंद करणं आपल्याला नवं नाही. कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन चातुर्मासात तो सोडणारी घरं आहेत. तेव्हा आजीला तिचीच ब्लॅकबेरी द्या. 'सैतानानं उष्टावली' असं लिहायचा मोह होईल, मलाही झाला. पण त्यानं चाखलेली नाही, काटे टोचले म्हणून तो चिडला आहे. 'थुंकून गेलाय' हेच ठेवा.

आता अडचण एवढीच, की एकाच पुस्तकात आजीची ब्लॅकबेरी आणि वाक्प्रचारातलं करवंद शेजारी शेजारी नांदणार नाहीत. म्हणून तुमच्या गोष्टीपुरतं मी दोन्हीकडे ब्लॅकबेरीच ठेवेन, फक्त पहिल्या वाक्यात तिला कुंपण जोडेन: "सबबींना काय तोटा! कुंपणावरच्या ब्लॅकबेरी त्या, हात घालावा नि तोडाव्यात." गोष्ट स्कॉटलंडमधली असेल तर मूळ शब्द पुन्हा तपासा. तिथे फळालाच 'ब्रॅम्बल' म्हणतात. दक्षिण इंग्लंडात तोच शब्द जाळीसाठी आहे.