मिठावरचा कर आणि आजची घरपट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिठाच्या कराचा बोजा वर्षाला घरटी रुपयाभरच होता, असं वाचलं. मग एवढं मोठं आंदोलन कशासाठी? (वाचक, नाशिक)

आधी हिशेब मांडू. 1930 साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता आणि सरकारी मण सुमारे 37 किलोचा. पाच माणसांच्या घराला वर्षाला 30 किलो मीठ धरलं, तर कर होतो साधारण एक रुपया. आता त्याच वर्षी 2 मार्चला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्र पाहा. त्यात हिंदी माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहूनही कमी सांगितली आहे. म्हणजे तो एक रुपया ही एका माणसाची आठ दिवसांची मिळकत झाली. सावकाराच्या मिठावर जेवढा कर, तेवढाच शेतमजुराच्या मिठावर. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला मीठ जरा जास्तच लागतं.

तरीही खरा सल रकमेचा नव्हता. 1882च्या मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ करणं हाच गुन्हा ठरवला होता. खाजणात आपोआप धरलेलं मीठसुद्धा सरकारी माणसं मातीत कालवून नासवत. आणि 1923 साली कायदेमंडळाने नाकारलेली करवाढ व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात लादली, कर दुप्पट म्हणजे अडीच रुपये केला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वावर आला हे खरं, पण लोकांच्या प्रतिनिधींच्या ‘नाही’ला किती किंमत आहे, हे देशाने पाहिलं होतं. आमच्या मते 6 एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर उचललेल्या चिमूटभर मिठाचा अर्थ इथे आहे.

प्रश्न : सत्याग्रहींनी मीठ केलं तरी कसं? शाळेत मुलांना करून दाखवता येईल का? (शिक्षिका, अलिबाग)

जरूर दाखवा. पाच लिटर स्वच्छ समुद्राचं पाणी घ्या. त्यात सगळे क्षार मिळून सुमारे 175 ग्रॅम असतात. चौपदरी सुती कापडातून गाळून पसरट स्टीलच्या पातेल्यात उकळत ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको, खारं पाणी ते खातं. पाणी आटत आलं की तळाशी पांढरी खर दिसेल. ते मीठ नव्हे, चुना आणि जिप्सम आहे. पाणी 600 मिलीलिटरच्या आसपास आलं की पुन्हा गाळा. अर्ध्या लिटरवर खऱ्या मिठाचे दाणे धरू लागतात. आच मंद करा आणि साधारण 200 मिलीलिटर उरलं की थांबा. दाणे कापडावर निथळून वाळवा आणि उरलेलं कडू पाणी फेकून द्या.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. सगळं पाणी आटवलं, तर मॅग्नेशियमचे क्षार मिठातच राहतात. मग मीठ कडवट लागतं आणि दमट हवेत पाझरतं.

नुसतं पाणी आटवायला जळण फार लागतं. म्हणून खारी माती खरवडून आणायची, थोड्या पाण्यात कालवायची, वरचं निवळ खारवणी गाळून तेवढंच आटवायचं, अशी सोपी रीत होती. मुलांनी केलेलं मीठ मात्र रोजच्या जेवणात वापरू नका. त्यात आयोडीन घातलेलं नसतं आणि किनाऱ्याच्या पाण्याची खात्री देता येत नाही.

प्रश्न : आमच्या विदर्भात समुद्र नाही. इथे काय झालं? (वाचक, यवतमाळ)

जंगल सत्याग्रह. चराई, गवत आणि सरपणावर जंगल कायद्याची बंधनं होतीच, आणि पाऊस लागल्यावर मिठागरंही बंद झाली. 10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. कोकणात चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबारापर्यंत पाळी आली.

प्रश्न : आता मिठावर कर आहे का? आणि अन्यायाचा वाटणारा कर आपण भरायचाच का? (वाचक, सांगली)

1931च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्याजवळच्या गावांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. कर उठला तो 1947 साली. आज मिठावर जीएसटी नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेच्या कलम 265मध्ये आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. म्हणून घरपट्टी अचानक वाढली तर आधी विचारा, कोणत्या नियमाने आणि किती क्षेत्रफळावर? ग्रामपंचायतीत नमुना 8चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा मागा. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर (राहता की दुकान) आणि बांधकामाचं वर्ष ताडून पाहा. चूक बहुधा या चारांपैकी एकात सापडते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रारीला पुढे अपिलात आधार उरत नाही. मुदत हुकली की खरी बाजूही लंगडी पडते. हरकत दिली म्हणून भरणा थांबवू नका. बिल थकलं की दंड चढत राहतो आणि अपील करताना बहुधा रक्कम आधी भरावीच लागते. ‘हरकत राखून भरणा’ असं पत्र जोडून भरा आणि पावती जपून ठेवा.