मका आणि शेंगा पोत्यात भरण्यापूर्वी
तुम्ही यंदा प्रथमच मका आणि भुईमूग घरी साठवणार आहात, म्हणून लिहितो. आपल्या खान्देशात ऊन कडक असले, तरी परतीच्या पावसात भिजलेली शेंग वरून वाळलेली दिसते आणि आत ओल धरून राहते; कानाशी हलवल्यावर ती खुळखुळली नाही, तर पोते शिवू नये. मक्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यातील ७-८ टक्क्यांवर आणावा. ओल राहिल्यास धरणाऱ्या पिवळसर-हिरव्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्यानेही पुरते नष्ट होत नाही. त्यामुळे सुरकुतलेला, कडवट दाणा चटणीत खपवणे (हा मोह मलाही झाला होता) किंवा गाईला घालणे टाळावे, कारण त्याचा अंश दुधातही उतरतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.