मातीच्या पाटीवरचा आकडा कुणी बदलला तर?

प्रश्न : आमचा चादरींचा छोटा कारखाना आहे. हिशेब मीच बघते. मेसोपोटेमियात हिशेब ओल्या मातीवर लिहीत, असं मुलाच्या पुस्तकात वाचलं. मग पाटी भिजवून कुणी आकडा बदलला तर?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, रोज वही लिहिणाऱ्यालाच असा प्रश्न पडतो. सोलापुरातच एका कारखान्यात मी मुनीम होतो, त्यामुळे तो वाचून फार आनंद झाला.

ही शंका त्या लोकांनाही होती. इ.स.पू. 3500च्या सुमारास, लिपी रुळायच्या आधी, उरुक (आजच्या इराकमध्ये) आणि सूसा (आजच्या इराणमध्ये) या शहरांत मातीच्या छोट्या गोळ्या, शंकू, चकत्या मोजणीसाठी वापरत. ही मोजणीची नगं मातीच्याच एका मोठ्या पोकळ गोळ्यात घालून त्याचं तोंड लिंपायचं आणि वरून मुद्रा उमटवायची. गोळा फोडल्याशिवाय आत हात घालणं अशक्य. माझ्या मते हिशेबाच्या इतिहासात लिपीइतकाच मान या युक्तीला मिळायला हवा.

पुढे पाट्या आल्या, तेव्हा करार लिहिलेल्या पाटीभोवती पातळ मातीचं पाकीट चढवू लागले. पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहायचा, त्यावर कर्जदाराची आणि साक्षीदारांची मुद्रा. बाहेरचा आकडा कुणी खोडला तरी आतला शाबूत. तंटा झाला की पाकीट फोडून आतली पाटी वाचायची. पाटी सावकाराकडे राहायची. कर्ज फिटलं की ती कर्जदाराला परत.

अशा पाट्या तुर्कस्तानातल्या कुलतेपे इथं हजारोंनी सापडल्या. इ.स.पू. 19व्या शतकात अशूर शहराचे (आजच्या उत्तर इराकमधलं) व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून तिथं, म्हणजे सुमारे हजार किलोमीटरवर, नेत. त्यातलं बरंचसं कापड अशूरच्या बायका घरी विणून घेत. पुझुर-अशूर नावाच्या व्यापाऱ्याने वक्कुर्तुम या बाईला लिहिलेलं पत्र तुम्ही वाचायलाच हवं. तो कळवतो : वीण दाट ठेवा, एकाच बाजूने पिंजा, मागच्यापेक्षा दर नगाला एक मिना (साधारण अर्धा किलो) लोकर जास्त घाला, पण कापड पातळच राहू द्या, लांबी नऊ हात, रुंदी आठ हात. वजन वाढवा आणि जाडी वाढू देऊ नका, ही मागणी पेठेतल्या कारखानदारांनाही नवी नाही! आणि विकलेल्या कापडाची चांदी अजून का आली नाही, असं तिथल्या बायका मातीवरच लिहून विचारत.